३६ फ्रेमचा रमजान

रमजान सुरू झाला की वर्तमानपत्रांत कोणती छायाचित्रे येणार, हे वाचकाला आता पाठ झाले आहे. पहिल्या दिवशी मिनाराशेजारची चंद्रकोर. मग खजुरांचे ढीग, शेवयांचे डोंगर, मोठ्या मशिदीच्या अंगणात इफ्तारला बसलेली लांबलचक रांग. ईदच्या सकाळी नव्या टोप्या घालून गळाभेट घेणारी दोन लहान मुले. यातले एकही छायाचित्र खोटे नसते. पण वर्षानुवर्षे तीच पाहिली, की आपला मुसलमान शेजारी वर्षातून तीसच दिवस दिसतो आणि दिसतो तेव्हा एकतर नमाज पढत असतो नाहीतर काहीतरी खात असतो, असा समज नकळत तयार होतो. उरलेले अकरा महिने तो रिक्षा चालवतो, कंपनीत शिफ्ट करतो, मुलांच्या फीची जुळवाजुळव करतो, सोसायटीच्या बैठकीत पाण्यावरून भांडतो. ते कोणी टिपत नाही.

रस्त्यावरच्या आयुष्याची छायाचित्रे काढायला शिकणाऱ्यांपुढे हाच खरा प्रश्न असतो. कॅमेरा चालवणे महिन्याभरात जमते. समोरच्या माणसाकडे कसे पाहायचे, हे शिकायला वेळ लागतो. जगभर अनेक तरुण हे शिकण्यासाठी मोबाईल खिशात ठेवून पुन्हा रोलच्या कॅमेऱ्याकडे वळत आहेत. त्यात जुन्याची हौस आहेच. पण रोल जी शिस्त लावतो ती रमजानच्या शिस्तीशी इतकी मिळतीजुळती आहे, की या महिन्यात तिच्याविषयी बोलायलाच हवे.

गुरव आणि सौदागर

तीन गावे पिंपळे या एकाच नावाने ओळखली जातात. पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर. एकाच्या नावात देवळातला गुरव आहे आणि दुसऱ्याच्या नावात फारसी भाषेतून आलेला सौदागर, म्हणजे सौदा करणारा, व्यापारी. कारागीर या शब्दातला ‘गीर’ आणि सौदागरातला ‘गर’ हे दोन्ही फारसीतून मराठीच्या घरात येऊन राहिलेले पाहुणे आहेत. आता त्यांना पाहुणे म्हणायचेही कोणाच्या मनात येत नाही.

आजचे पिंपळे सौदागर उंच इमारतींचे आहे. कोकणे चौक, शिवार चौक, कुणाल आयकॉन रस्ता, जगताप डेअरी ही इथल्या माणसाची रोजची ठिकाणे. हिंजवडीला जाणारे संगणक अभियंते, चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांत जाणारे कामगार, सोसायट्यांच्या फाटकावरचे सुरक्षारक्षक, घरकामाला येणाऱ्या बाया, संध्याकाळी हातगाडी लावणारे फळवाले या सगळ्यांचे रस्ते इथे एकमेकांना छेदतात. स्मार्ट सिटी योजनेत या भागातल्या रस्त्यांना रुंद पदपथ मिळाले. पदपथ रुंद झाला की माणसे थांबतात, थांबली की बोलतात, आणि छायाचित्र काढणाऱ्याला काम मिळते.

पण फोटोग्राफीचे विद्यार्थी रमजानमध्ये इथे सहसा फिरकत नाहीत. ते पुण्यात मोमीनपुऱ्याच्या किंवा कोंढव्याच्या रात्रीच्या बाजारात जातात, नाहीतर रेल्वे पकडून थेट मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर. तिथे रोषणाई आहे, तव्यांवरची वाफ आहे, गर्दी आहे. छायाचित्र जवळजवळ आयते मिळते. पिंपळे सौदागरमध्ये आयते काही नाही. इथला रोजेदार गर्दीत मिसळलेला असतो. तरावीहच्या नमाजला पिंपरी, कासारवाडी किंवा खडकीकडे निघालेला माणूस दुचाकीवर हेल्मेट घालून बसला की इतर हजार माणसांसारखाच दिसतो.

एक अडचण याहूनही मोठी आहे. रोजा दिसतच नाही. नमाज दिसतो, जकात निदान देणाऱ्या-घेणाऱ्याला कळते, हजला निघालेल्या माणसाला निरोप द्यायला अख्खी गल्ली लोटते. रोजा मात्र बाहेरून ओळखता येत नाही. तो ठेवणारा आणि त्याचा अल्लाह, या दोघांमधली ती गोष्ट आहे, असेच मानले जाते. कॅमेऱ्यात येते ते फक्त रोजा सोडणे. म्हणून रमजानच्या छायाचित्रांत खाण्याचीच गर्दी होते. दिवसभराचा तो न दिसणारा उपवास कसा दाखवायचा, हे रस्त्यावरच्या छायाचित्रणाचे सर्वांत अवघड प्रश्नपत्रक म्हणावे लागेल. दुपारी चार वाजता सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षावाल्याचा चेहरा, कंपनीच्या बसच्या खिडकीला टेकलेले डोके, फाटकावरच्या रक्षकाने टेबलाखाली नीट झाकून ठेवलेला डबा. उत्तर अशाच कुठल्यातरी जागी असते.

एका रोलचा हिशेब

पस्तीस मिलिमीटरच्या नेहमीच्या रोलवर ३६ छायाचित्रे येतात. रोलची किंमत, तो धुण्याचा खर्च आणि स्कॅनिंग धरले, तर आज एका क्लिकला दहा-वीस रुपयांहून अधिकच पडतात. मोबाईलवर एका संध्याकाळी तीनशे फोटो काढणाऱ्या मुलीच्या हातात पहिल्यांदा असा कॅमेरा आला, की पहिला धक्का पैशांचा बसतो. दुसरा धक्का मागच्या बाजूचा. क्लिक केल्यावर ती सवयीने कॅमेऱ्याची पाठ बघते. तिथे काळे झाकण असते. आत काय उमटले, ते आज कळणार नाही.

मग ती उजेड वाचायला शिकते. फिल्मचा वेग ४०० असेल तर भर उन्हात ॲपर्चर एफ-१६ वर ठेवायचे आणि शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास, हा जुन्या छायाचित्रकारांचा तोंडपाठ हिशेब. ढग आले की एक पायरी उघडायची, सावलीत आणखी दोन. पण मगरिबच्या सुमारास, म्हणजे सूर्य मावळून इफ्तारची वेळ होते तेव्हा, हा हिशेब दर दोन-तीन मिनिटांनी बदलतो. अजानच्या वेळी जे दिसत होते ते पंधरा-वीस मिनिटांत जवळपास दिसेनासे होते. लेन्स पूर्ण उघडूनही शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर आणावे लागते. तेवढ्या वेळात हात हलला की चित्र गेले. श्वास रोखून, कोपर अंगाशी धरून, भिंतीला किंवा विजेच्या खांबाला पाठ टेकून उभे राहायचे. रमजान महिना चांद्र वर्षामुळे दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे हा उजेडही एकसारखा नसतो. कधी उन्हाळ्यातली धुळकट संध्याकाळ, कधी पावसाळ्यातली करडी, कधी थंडीतली लवकर विझणारी.

आता या ३६ आकड्याची एक गंमत. रमजानचे रोजे तीस धरले, तर रोजची एक फ्रेम काढून रोलमध्ये सहा उरतात. आणि ईदनंतरच्या शव्वाल महिन्यात अनेक मुसलमान ऐच्छिक सहा रोजे ठेवतात. तीस आणि सहा मिळून ३६. रमजानच्या रोज्यांना हे सहा जोडले, की वर्षभर रोजे ठेवल्याचे पुण्य लाभते, अशी श्रद्धा आहे. एका सत्कर्माचे फळ दसपट, या हिशेबाने ३६ चे ३६० होतात. फिल्म बनवणाऱ्या कारखान्यांना याची काही कल्पना असण्याचे कारण नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण शिकणाऱ्यासाठी यातून एक चांगला अभ्यास तयार होतो. रमजानभर एकच रोल. रोज एकच क्लिक. चुकली तर चुकली, त्या दिवसाची पुन्हा संधी नाही. आणि शेवटच्या सहा फ्रेम ईद झाल्यावर.

रोज एकच क्लिक करायचे ठरवले, की दिवस वेगळा दिसू लागतो. सकाळी दूधवाला दिसतो, पण मन म्हणते थांब, संध्याकाळ बाकी आहे. संध्याकाळी फळवाल्याकडे गर्दी असते, पण पुढे एखादी दुचाकी अडवी येते. नऊ वाजता कळते की आज काहीच काढले नाही. समोर आहे ते सगळेच घ्यायचे नाही, हा रोज्याचा पहिला धडा. कॅमेऱ्याला तो रोलच्या किमतीने शिकवला.

अक्स, तसबीर आणि कमरा

छायाचित्रणाला उर्दूत अक्कासी म्हणतात. अक्स म्हणजे प्रतिबिंब, पाण्यात किंवा आरशात पडते ते. चित्राला शब्द आहे तस्वीर. हाच अरबी शब्द मराठीत येऊन तसबीर झाला आणि विठोबाची, शंकराची, आजोबांची होऊन घरोघरी भिंतीवर बसला. घरातला कमरा आणि हातातला कॅमेरा ही तर सख्खी भावंडे. कमरा पोर्तुगिजांच्या ‘कामारा’तून आपल्याकडे आला, कॅमेरा लॅटिनमधून. दोघांचा अर्थ मुळात एकच, खोली. कॅमेरा म्हणजे अंधारी खोली.

या अंधाऱ्या खोलीचा कसोशीने अभ्यास करणाऱ्यांत इब्न अल-हैसम यांचे नाव फार वरचे आहे. इसवी सन ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेला आणि पुढे कैरोत काम केलेला हा विद्वान. त्यांच्या ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथाचे पुढे लॅटिनमध्ये भाषांतर झाले आणि युरोपातल्या प्रकाशशास्त्राने त्यावर आपला पाया घातला. डोळ्यातून किरण बाहेर जातात म्हणून आपल्याला दिसते, ही जुनी समजूत त्यांनी खोडली. वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो, असे त्यांनी मांडले. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी बारीक छिद्रातून आलेला प्रकाश पडद्यावर चंद्रकोरीच्या आकाराचा पडतो, हे त्यांनी तपासले, आणि छिद्र मोठे केले की कोर पुसट होऊन गोल होते, याचे कारण शोधले. आजची विद्यार्थिनी ॲपर्चर लहान-मोठे करते तेव्हा हाच प्रयोग करत असते. हजार वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत उमटलेली ती कोर आणि रमजानच्या आदल्या संध्याकाळी लोक गच्चीवर जाऊन शोधतात ती कोर, दोन्हींसाठी आधी अंधार लागतो.

तस्वीर या शब्दाभोवती मुस्लिम समाजात वादही झाला आहे. सजीवांच्या प्रतिमा करू नयेत असे मानणाऱ्यांना छायाचित्र चालेल का, हा प्रश्न कॅमेरा आल्यापासून विचारला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी छायाचित्र म्हणजे नवी निर्मिती नाही, पडलेले प्रतिबिंब धरून ठेवणे आहे, असे सांगून त्याला मुभा दिली. त्याआधीच, १८६१ मध्ये, मुहम्मद सादिक बे या इजिप्शियन लष्करी अधिकाऱ्याने मदिनेची आणि १८८० मध्ये मक्केची पहिली छायाचित्रे काढली होती. आज पारपत्रावर फोटो नसेल तर हजलाही जाता येत नाही. तरीही एखादे आजोबा कॅमेरा पाहून हात आडवा करतात. कधी कारण धर्माचे असते, कधी संकोचाचे, कधी नुसते ‘आज नको’ एवढेच. शिकणाऱ्याला कारण विचारायचा अधिकार नाही. आडवा हात म्हणजे नाही.

मुंबईच्या रस्त्यावरच्या दोन विद्यार्थिनी

रोलचा कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या मुलीला महाराष्ट्रातच दोन मोठ्या बहिणी आहेत.

पहिल्या होमाई व्यारावाला. १९१३ मध्ये नवसारीत जन्म. वडील उर्दू-पारशी नाटक मंडळीत होते, त्यामुळे घरात नाटकाचे आणि फिरतीचे वातावरण. पुढे मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण झाले. कॅमेरा त्यांनी माणेकशा व्यारावाला यांच्याकडून शिकला, पुढे त्यांच्याशीच विवाह झाला. १९३० च्या दशकात त्या मुंबईतली माणसे, कामावरच्या बायका आणि आपल्याच कॉलेजातल्या मैत्रिणी टिपत होत्या. छापून येत तेव्हा सुरुवातीची बरीच छायाचित्रे पतीच्या नावाने येत. साडी नेसलेली बाई खांद्याला कॅमेरा अडकवून फिरते, हे दृश्यच त्या काळी लोकांना विचित्र वाटे. लोक त्यांना गांभीर्याने घेत नसत आणि त्याचाच त्यांना उपयोग झाला. कोणी लक्ष दिले नाही की जवळ जाता येते. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. फाळणीच्या योजनेवरची काँग्रेसची बैठक, लाल किल्ल्यावरचा तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, हे सारे त्यांच्या फिल्मवर आहे. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, पुढच्याच वर्षी जानेवारीत त्या गेल्या. पण शिकाऊ वयातली त्यांची मुंबई पाहावी. त्यात कोणीही नेता नाही. ओळखीच्या माणसांपासून सुरुवात केलेली आहे.

दुसऱ्या केतकी शेठ. १९५७ मध्ये मुंबईत जन्मलेल्या, न्यूयॉर्कमध्ये शिकून परतलेल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या मुंबईच्या रस्त्यांवर काम करू लागल्या तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते रघुवीर सिंग. भारताला रंगांतूनच पाहायला हवे, असे आग्रहाने मांडणारे हे थोर छायाचित्रकार. विद्यार्थिनीने मात्र कृष्णधवल फिल्म निवडली. गुरूची नजर घेतली, गुरूचे रंग घेतले नाहीत. ‘बॉम्बे मिक्स’ या नावाने ही छायाचित्रे २००७ मध्ये पुस्तकरूपात आली. त्यांत मुंबईची प्रसिद्ध स्थळे नावापुरती आहेत. आहेत ती बसथांबे, समुद्रकिनारे, लग्नघरे, वाट पाहणारी माणसे. काही वर्षांनी त्यांनी आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाचे मोठे काम केले. जंजिऱ्यामुळे सिद्दी हे नाव महाराष्ट्राला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहे, पण आजचा सिद्दी माणूस आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? तिथे पोचायला रस्त्यावर घालवलेली ती आधीची वर्षे कामी आली असणार.

दोघींच्या कामातून शिकणाऱ्याला एक गोष्ट सापडते. दोघींनीही आपल्याच शहरात, हाताच्या अंतरावर सुरुवात केली. दूरचे, विलक्षण, रंगीबेरंगी शोधत त्या गेल्या नाहीत.

अजानचा एक मिनिट

रमजानमध्ये रस्त्यावर काम करायचे तर काही नियम स्वतःच घालून घ्यावे लागतात. रोजा सोडण्याचा पहिला मिनिट हा त्यातला पहिला. दिवसभर उपाशी आणि तहानलेल्या माणसाच्या ओठांशी खजूर जातो, त्या क्षणाचे छायाचित्र मोहात पाडणारे असते. पण तो मिनिट त्याचा आहे. त्या वेळी कॅमेरा खाली असलेला बरा. बहुतेक वेळा पुढे काय घडते, तर हातगाडीवाला, रक्षक किंवा रिक्षावाला स्वतःच एक खजूर पुढे करतो. ‘घ्या ताई.’ तो घेतला, दोन शब्द बोलले, की मग छायाचित्र काढायला परवानगी मागावी लागत नाही. आणि कधी कधी काढावेसेही वाटत नाही.

चाकणला दुसऱ्या पाळीला गेलेल्या कामगाराचा इफ्तार कंपनीतच होतो, तिथे कॅमेरा नेताच येत नाही. पण पाळी सुरू होण्याआधी, दुपारच्या उन्हात कंपनीच्या बसची वाट पाहत तो उभा असतो. शेजारचा सहकारी पाण्याची बाटली उघडतो आणि त्याला पाहून जरा पाठ वळवून पितो. ही पाठ वळवणे कोणी शिकवलेले नसते. औद्योगिक पट्ट्यात वर्षानुवर्षे एका बाकावर बसून प्रवास केलेल्यांत ते आपोआप येते. रोज्याचे छायाचित्र काढायचे असेल तर ते या वळलेल्या पाठीत आहे.

पाठमोऱ्या माणसांतही किती मोठे छायाचित्र असू शकते, याचा दाखला जगप्रसिद्ध आहे. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात होते. १९४८ मध्ये श्रीनगरच्या हरी पर्वताच्या उतारावर त्यांनी पहाटे प्रार्थना करणाऱ्या मुस्लिम स्त्रिया टिपल्या. त्या दरीकडे आणि पलीकडच्या डोंगरांकडे तोंड करून आहेत. एक उभी आहे, तिचे हात पुढे पसरलेले. त्यांचे चेहरे छायाचित्राने मागितले नाहीत, तरी त्या पहाटेची थंडी आणि त्यांची शांतता आज इतक्या वर्षांनीही पोचते. प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या समोर जाऊन उभे राहायचे नसते, त्याच्या मागे उभे राहून तो काय पाहतो ते पाहायचे असते, हे त्या चित्राने दाखवले.

रोल धुताना

महिना संपत येतो तसा रोल जड होत जातो. वजन तेच असते, पण आत काय आहे ते माहीत नसल्याने तो जड वाटतो. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. प्रकाश पडला की त्या कणांवर शुद्ध चांदीचे काही अणू तयार होतात, इतके थोडे की सूक्ष्मदर्शकालाही सहज दिसू नयेत. चित्र झालेले असते, पण दिसत नाही. याला सुप्त प्रतिमा म्हणतात. रसायनात गेल्यावरच ते अणू वाढून काळे होतात. रोज्याचेही असेच सांगितले जाते. त्या त्या दिवशी काहीच बदललेले दिसत नाही. सब्र या शब्दाचा अर्थ मराठीत आपण धीर असा करतो. पण त्यात हातपाय न आपटता थांबणे आणि थांबताना आपले काम चोख करत राहणे, दोन्ही आहेत.

सिनेमात डार्करूम लाल दिव्याची दाखवतात. तो दिवा कागदावर छापताना चालतो. रोल काढून टाकीत भरताना मात्र पूर्ण काळोख लागतो. सदनिकेत राहणारे विद्यार्थी रात्री न्हाणीघराच्या दाराखाली टॉवेल कोंबतात आणि बोटांच्या अंदाजाने फिल्म रिळावर चढवतात. नंतरचे काम उजेडात. डेव्हलपर साधारण २० अंश तापमानाला लागतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणीच त्याहून कितीतरी गरम येते. म्हणून घमेल्यात बर्फ टाकून बाटल्या थंड कराव्या लागतात. सात ते दहा मिनिटे, दर मिनिटाला टाकी उलटी-सुलटी करायची. मग हायपो, मग भरपूर धुणे, आणि शेवटी कपड्यांच्या चिमट्याने दोरीवर वाळत घालणे.

पहिल्या रोलमध्ये ३६ पैकी बऱ्याचशा फ्रेम वाया जातात. काही काळ्याठिक्कर, काही हललेल्या, काहींत माणूस अर्धा. एखादी अशी की जिथे माणूस कॅमेऱ्याकडे पाहून ओशाळला आहे आणि पाहणाऱ्यालाही ओशाळे वाटते. मोबाईलवर ही छायाचित्रे जागच्या जागी पुसली गेली असती. निगेटिव्हवरून ती पुसता येत नाहीत. चांगल्या फ्रेमच्या दोन्ही बाजूंना चुकलेल्या फ्रेम कायमच्या बसलेल्या असतात, आणि विद्यार्थी खरे तर त्यांच्यापासूनच शिकतो. सगळ्या फ्रेम एकाच कागदावर छापून घेतल्या की महिनाभर आपण कुणाकडे पाहिले, कुणाकडे पाहायचे टाळले, किती अंतरावर उभे राहिलो, याचा पुरता हिशेब समोर येतो.

ईदनंतरच्या सहा फ्रेम

ईदच्या दुसऱ्या दिवशी मुसलमानांची छायाचित्रे काढणे जवळपास थांबते. शेवयांचे दुकान पुन्हा किराण्याचे होते, फळवाला कलिंगडाच्या जागी आंबे लावतो, कामगार पाळीला जातो. याच दिवसांसाठी त्या सहा फ्रेम राखून ठेवायच्या असतात. शव्वालचे सहा रोजे कोणाला जाहीर करावे लागत नाहीत. त्यांना बाजार नाही, रोषणाई नाही, वर्तमानपत्राचे पान नाही. ठेवणारा ते महिन्याभरात आपल्या सोयीने ठेवतो, आणि त्या दिवशी तो घरात, कामावर, रस्त्यावर नेहमीसारखाच वावरतो. या सहा फ्रेममध्ये रमजान शोधूनही सापडणार नाही. सापडेल तो शेजारी.

शक्य असेल तर आधीच्या तीसपैकी ज्यांची छायाचित्रे चांगली आली, त्यांच्याकडे छापील प्रती घेऊन जावे. पिंपळे सौदागरच्या पदपथावर ही माणसे सहज सापडतात, ती रोज तिथेच असतात. हातात पडलेला फोटो माणूस आधी दूर धरून पाहतो, मग जवळ आणून पाहतो, मग शेजाऱ्याला दाखवतो. त्याचे घेतलेले अक्स असे त्याला परत मिळते. हातगाडीच्या काचेमागे, मोबाईलच्या कव्हरमध्ये किंवा घरी भिंतीवर, देवाच्या किंवा मक्केच्या तसबिरीखाली, ते जागा करून घेते.

मराठीत दोघांचे पटत नसेल तर त्यांचा छत्तीसचा आकडा आहे असे म्हणतात. कारण ३६ लिहिताना तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात. रमजानच्या तीस फ्रेम एकीकडे आणि ईदनंतरच्या सहा दुसरीकडे, अशी वर्तमानपत्रांनी आणि आपल्या नजरेने आजवर केलेली वाटणी तशीच पाठमोरी आहे. सणातल्या शेजाऱ्याला कामातला शेजारी दिसत नाही. रोल मात्र एकच असतो. शेवटून सुरुवात करून पाहिले, त्या सहांपासून तीसाकडे आले, तर आकडा उलटून ६३ होतो आणि दोन्ही अंक समोरासमोर येतात. फोटोग्राफी शिकायला निघालेल्या मुलामुलींना, आणि न निघालेल्या आपल्या सगळ्यांना, यंदाच्या शव्वालमध्ये ही सहा छायाचित्रे काढून पाहायला हरकत नाही. कॅमेरा नसला तरी चालेल.